आजकालची युद्धं निकाल न लागताच का संपतात? सीताबर्डी तर एका दिवसात आटोपली होती

वर्धारोडवाला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. काल सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाता खाता मित्रासोबत वाद झाला, तो डोक्यातून जाऊनच नाही राहिला. त्याचं म्हणणं असं की आता युद्ध कोणी जिंकतच नाही, दोन-चार वर्षं एकमेकांना बदडतात, पोरं मरतात, गावं उजाड होतात आणि मग कुठल्यातरी तिसऱ्याच देशात हॉटेलात बसून कागदावर सह्या करतात, रेघ पाहावी तर जवळपास होती तिथंच. मी म्हटलं असं कसं बे, इथून हाकेच्या अंतरावर सीताबर्डीचा किल्ला आहे, तिथं २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इंग्रजांशी लढाई पेटली नं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खेळ खल्लास, अप्पासाहेब भोसल्यांचं राज्य हातचं गेलं. तेव्हा तर बंदूक ठासण्यातच वेळ जायचा. आता सॅटेलाइट आहे, मिसाइल आहे, ड्रोन आहे, तरी रशिया-युक्रेन २४ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालं ते किती वर्षं चाललं पाहा. इराण-इराक आठ वर्षं लढले. कोरिया १९५३ पासून लटकूनच आहे. आपलं १९६५ चं पण ताश्कंदला जाऊन मिटलं. मग १९७१ तेरा दिवसांत कसं काय झालं?

तर माझे प्रश्न दोन. हत्यारं सुधारली तर निकाल लवकर लागायला पाहिजे ना, उलटं काऊन होऊन राहिलं? आणि दोघांनाही कळून चुकलं की आता गाडी पुढं सरकत नाही, तर मग लगेच बोलणी करून मोकळे का होत नाहीत, वर्षानुवर्षं घासाघीस कशाची चालते?

पक्षाचं राजकारण नको बाप्पा, त्यासाठी घरचा फॅमिली ग्रुप आहे.

इतवारीचा_शेठ

सोपं आहे भाऊ. हत्यारं विकणाऱ्यांना युद्ध चालू राहिलेलं पाहिजे. धंदा आहे धंदा. बाकी सगळ्या पुस्तकी गोष्टी.

कामठी_रिटायर्ड

शेठ, धंदा आहे हे खरं, पण फक्त धंदा म्हणून मोकळं होता येत नाही. विकणारे १९७१ मध्येही होतेच की.

वर्धारोडवाले, तुमचा हिशोबच उलटा आहे. मी तोफखान्यात होतो, आता कामठीला घर बांधून राहतो, म्हणून जेवढं हाताखालून गेलं तेवढंच सांगतो. हल्ला करायचा म्हणजे काय करावं लागतं? रणगाडे, गाड्या, माणसं, डिझेल, गोळे सगळं एका जागी आणावं लागतं. आम्हाला शिकवायचे की पक्क्या मोर्चात बसलेल्यावर चढाई करायची तर किमान तिप्पट माणूस पाहिजे, डोंगरात त्याहून जास्त. आता हे तिप्पट माणूस तुम्ही लपवणार कुठं? वरून ड्रोन घिरट्या घालून राहिलं, त्याच्याही वरून सॅटेलाइट फोटो काढतं, झाडाखाली चार ट्रक उभे केले तरी समोरच्याला खबर लागते आणि खबर लागली की गोळा येतो. बचाव करणाऱ्याला काय, खड्ड्यात बसायचं नि पुढं सुरुंग पेरायचे. सुरुंग स्वस्त, रणगाडा महाग. तुमची सुधारलेली हत्यारं पुढं जाणाऱ्यालाच आधी खातात.

२०२३ चा उन्हाळा आठवा. युक्रेनला पश्चिमेकडून रणगाडे मिळाले होते, झापोरिझ्झियाकडून खाली अझोव समुद्रापर्यंत घुसायचं नि रशियाच्या ताब्यातला पट्टा मधून कापायचा असा बेत होता. जूनमध्ये निघाले, ऑगस्टअखेर रोबोतिने नावाचं एक गाव हाती लागलं आणि तिथंच दम संपला. पुढं सुरुंगांची शेतं, खंदकांच्या ओळी, रणगाडा अडवायला काँक्रीटचे सुळके. आता गंमत पाहा, त्याच्या आदल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेच युक्रेनचं सैन्य खारकिव्हकडे काही दिवसांत धडाधड पुढं गेलं होतं, कारण तिथं रशियाची फळी पातळ होती. सैन्य तेच, शत्रू तोच, फक्त समोरच्याला जमिनीत रुतून बसायला वेळ मिळाला.

आणि एक गोष्ट कोणी टीव्हीवर सांगत नाही, ती म्हणजे गोळा. १५५ एमएम तोफेचा एक गोळा साधारण ४५ किलोचा, तो उचलून उचलून पोरांच्या कंबरा जातात. आपल्या अंबाझरीच्या निर्माणीत गोळ्याची कवचं बनतात, चांद्याच्या निर्माणीत दारू भरतात, पुलगावच्या डेपोत साठा. ही साखळी लोकांना युद्धाच्या पहिल्या दिवशी आठवत नाही, शंभराव्या दिवशी आठवते. कोणत्याही देशाचा साठा लांबच्या लढाईला पुरत नाही. जुन्या काळी साठा संपला की राजा तह करायचा. आता साठा संपला की मित्रदेशाकडून जहाज येतं. दोन्ही बाजूंना येतं. म्हणून कोणी धड कोसळतच नाही.

प्रतापनगरची_मास्तरीण

कामठीकाकांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, मी दुसऱ्याचा प्रयत्न करते. पण आधी वर्धारोडवाल्यांची सीताबर्डी थोडी दुरुस्त करते, राग मानू नका, शाळेत इतिहास शिकवते, राहवत नाही.

सीताबर्डीची टेकडी इंग्रजांनी राखली हे बरोबर. पण नागपूर त्या दिवशी पडलंच नाही! कुमक आल्यावर १६ डिसेंबरला परत मोठी लढाई झाली, अप्पासाहेब इंग्रजांच्या हाती गेले, तरीही शहर मिळालं नाही, कारण भोसल्यांच्या चाकरीतले अरब शिपाई महालात तटबंदीच्या आत बसून राहिले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला, तो फसला. जुम्मा दरवाजा म्हणजे आपलं गांधी गेट, जिथून आपण रोज स्कूटरवर हॉर्न वाजवत जातो तेच. शेवटी काय झालं? बोलणी! अरबांनी बायकामुलं, सामानसुमान घेऊन सुखरूप बाहेर पडायची अट घातली, इंग्रजांनी ती मान्य केली आणि ३० डिसेंबरला ते शहर सोडून गेले. राजा हातात आलेला असूनही इंग्रजांना दारात उभं राहून घासाघीस करावी लागली. तेव्हा तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं.

आता वर्षानुवर्षं बोलणी का लांबतात, तर त्याला कोरियाइतकं उघडं उदाहरण नाही. २५ जून १९५० ला उत्तर कोरिया खाली घुसला, जवळपास सगळा दक्षिण गिळला. मग अमेरिका नि संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी त्यांना मागं रेटलं, जिथून सुरू झालं त्या ३८ अक्षांशापर्यंत, म्हणजे दोन्ही कोरियांमधल्या रेघेपर्यंत आले. तिथं थांबले असते तर? पण जिंकणाऱ्याचा हात आखडत नाही ना. ते वर चीनच्या सीमेकडे गेले, चीन उतरला, परत सगळे खाली. १९५१ च्या मध्यापर्यंत दोघंही दमून ३८ च्या आसपासच येऊन बसले. अमेरिकेचे सेनापती मॅकआर्थर म्हणत होते युद्ध चीनमध्ये न्या, तर राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी एप्रिल १९५१ मध्ये त्यांनाच घरी बसवलं, कारण पलीकडे रशियाकडे अणुबाँब होता. पूर्ण जिंकायचा रस्ता तिथंच बंद झाला.

१० जुलै १९५१ ला बोलणी सुरू. रेघ कुठून जावी यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साधारण एकमत झालं. आणि सही कधी झाली? २७ जुलै १९५३. मधलं दीड वर्षाहून जास्त गेलं ते मुख्यतः एका प्रश्नावर, युद्धकैद्यांचं काय करायचं. जिनिव्हा करार म्हणतो युद्ध संपलं की कैदी परत पाठवा. पण हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते आम्हाला परत जायचंच नाही. अमेरिका म्हणे जबरदस्तीने पाठवणार नाही, चीन म्हणे सगळे पाहिजेत, कारण आपलीच माणसं घरी यायला नाही म्हणतात ही जगासमोर नाचक्की. जमिनीवर तडजोड होते हो, अब्रूवर नाही होत. आणि तिकडे टेबलावर ही चर्चा चाललेली असताना टेकड्यांवर पोरं मरतच होती. पोर्क चॉप नावाच्या टेकडीसाठी जुलै १९५३ मध्ये पाच-सहा दिवस झुंज झाली, ११ तारखेला अमेरिकेनं ती सोडून दिली, आणि सोळा दिवसांनी युद्धच थांबलं.

ही कोंडी फोडायला आपला देश मध्ये पडला हे फार जणांना माहीत नसतं. परत जायला तयार नसलेले सुमारे २२ हजार कैदी सांभाळायला हिंदुस्थानचं सैन्य गेलं. कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री इतके चिडलेले की हिंदी शिपायाचा पाय आमच्या मातीला लागू देणार नाही म्हणाले, मग जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचलून आपल्या जवानांना मधल्या पट्ट्यात उतरवलं. छावणीचं नाव हिंदनगर. तिथं तंबू लावले, एकेका कैद्याला आत आणायचं, त्याच्या देशाचा अधिकारी समोर बसून समजूत घालणार, घरी चल बाबा. तंबूला बाहेर जायचे दरवाजे दोन. एकातून गेला तर घर, दुसऱ्यातून गेला तर परत छावणी. शेजारी आपले जवान उभे. मोजकेच लोक घरच्या दरवाजाने गेले. आणि ८८ जण म्हणाले आम्हाला दोन्हीकडे जायचं नाही, ते आपल्या जवानांसोबत जहाजात बसून इकडे आले. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

वर्धारोडवाला

ताई, गांधी गेटचं हे मला बापजन्मात माहीत नव्हतं, तीस वर्षं तिथून जाऊन राहिलो. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा रिप्लाय, मी म्हटलं होतं ना. आता त्याच्यासोबत पोहे खाणं कठीण.

धुरेकरी

मले युद्धबिद्ध काही समजत नाही पण हे सगळं वाचून आमच्या वावराचीच गोष्ट आठवली म्हणून लिवतो. काटोलकडं आमचं वावर आहे, संत्र्याचं. बाजूचं वावर चुलत्याचं. दोघांच्या मधात धुरा, मंजे बांध. त्या धुऱ्याच्या दोन फुटासाठी बाबा नं चुलता चौदा वर्षं कोर्टात भांडले. चौदा! मी पाचवीत होतो तवा सुरू झालं, माह्या लग्नात चुलता आला नाही, माह्या पोराच्या बारशाले आला. दोन फुटाची किंमत काय असन तं वकिलाच्या फीच्या चौथाईबी नाही.

सुरवातीले दोघंबी म्हणत आपण जिंकतो. बाबाच्या वकिलानं सांगितलं कागद पक्का आहे, चुलत्याच्या वकिलानं त्याले तेच सांगितलं. चार-पाच वर्षांत दोघांलेबी समजलं का निकाल काही लवकर येत नाही नं आला तरी समोरचा अपिलात जाईन. तरी मिटवलं नाही. मी बाबाले इचारलं, आता काऊन ताणता. बाबा म्हणे, आज मी दोन फूट सोडीन तं उद्या तो अजून दोन फूट सरकवीन, खुणेचा दगड रात्रीतून हालते हे मले माहीत आहे. तिकडं चुलताबी घरात हेच बोले, हे चुलतभावानं मले मागून सांगितलं. मंजे भांडण दोन फुटाचं राह्यलंच नव्हतं, दगडाचं होतं. त्या पट्ट्यात आमची संत्र्याची सात झाडं होती, कोर्टानं जैसे थे ठेवा म्हटल्यावर कोणीच पाणी दिलं नाही, उभीच्या उभी वाळली.

मिटलं कसं तं मामानं मधस्थी केली. सरकारी मोजणी बोलावली, मोजणीच्या वक्ती दोन्ही घरचे पोरं उभे केले नं दगडाच्या जागी सिमेंटचे खांब गाडले, खाली तीन फूट गड्डा करून. खांब कोठं आले म्हणान तं धुरा होता तेथंच. एखाद बीत इकडं तिकडं. खांब हालत नाही म्हणून दोघंबी झोपतात आता. बोलत अजूनबी नाही, पण झोपतात.

प्रतापनगरची_मास्तरीण

धुरेकरीभाऊ, मी चार परिच्छेद लिहून जे सांगू शकले नाही ते तुमच्या खांबानं सांगितलं. कोरियात ते खांब म्हणजे चार किलोमीटर रुंदीचा मोकळा पट्टा आणि मागं उभी अमेरिकन फौज. शांततेचा करार अजूनही झालेला नाही, फक्त युद्धबंदी आहे. सही करताना दोन्हीकडचे सेनापतींचे प्रतिनिधी समोरासमोर बसले, कागदांवर सह्या केल्या आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता उठून गेले. री यांनी तर सहीच केली नाही.

रामदासपेठ_रोखठोक

छान कथा चालू आहेत पण सगळे एकच बाजू सांगून राहिले. निकाल लागतच नाही हे खोटं आहे. श्रीलंकेत मे २००९ मध्ये प्रभाकरन संपला, त्याची तमिळ बंडखोर संघटना एलटीटीई संपली, कुठली बोलणी? अफगाणिस्तानात १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये. नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या भागात अझरबैजाननं सप्टेंबर २०२३ मध्ये एका दिवसात विषय संपवला. सीरियात असदचं सरकार डिसेंबर २०२४ मध्ये दोन आठवड्यांत गेलं, त्याआधी कित्येक वर्षं तज्ज्ञ म्हणत होते तिथं कोंडी झाली म्हणून. आणि १९७१ ला तर कोणी हातच लावला नाही अजून.

कामठी_रिटायर्ड

रोखठोक, बरं झालं बोललात. ही सगळी उदाहरणं एका रांगेत ठेवून पाहा. काबूल पडलं कधी, तर अमेरिका-तालिबानचा दोहाचा करार २९ फेब्रुवारी २०२० ला झाला, अमेरिका निघाली, सरकारी फौजेच्या विमानांची देखभाल करणारे कंत्राटी लोक पण निघून गेले, मग. काराबाखला आर्मेनियातून जाणारा एकच लाचिनचा रस्ता, तो डिसेंबर २०२२ पासून अडवलेला, रशियाचे शांतिसैनिक तिथं असून बघत बसले. असदला रशिया आणि इराण व त्याची लेबनॉनमधली साथीदार संघटना हिजबुल्ला यांचा टेकू होता, एक युक्रेनमध्ये अडकला, दुसऱ्याचं इस्रायलसमोर कंबरडं मोडलेलं. श्रीलंकेत एलटीटीईची समुद्रातून येणारी जहाजं नौदलानं बुडवली आणि शेवटी त्यांना एका चिंचोळ्या किनाऱ्यावर कोंडलं. सगळीकडे आधी मागची रसद तुटली, मग फळी तुटली. मी वर म्हटलं ना दोन्हीकडे जहाज येतं म्हणून कोसळत नाही, तर जहाज यायचं थांबलं की कोसळतो. पण श्रीलंकेचा हिशोब करताना शेवटच्या महिन्यांत तिथं किती सामान्य माणसं मेली तेही धरा, बोलणी नको म्हणणं फुकट नसतं.

१९७१ तर याचंच पुस्तकी उदाहरण. तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश, तीन बाजूंनी आपल्या मधात, चौथीकडे समुद्र, तिथं आपलं नौदल. पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायची बंदी त्याच वर्षी फेब्रुवारीत घातलेली, म्हणजे कराचीहून ढाक्याला श्रीलंकेला वळसा घालून जायचं. गावातला माणूस आपल्या बाजूनं. पाकिस्तानी फौज लढायला तयार असती तरी कुठवर? म्हणून ९३ हजारांनी हत्यार टाकलं. पण पश्चिमेकडे पाहा, तिथं त्यांची रसद चालू होती, तिथं १७ डिसेंबरला युद्ध थांबलं नि बाकीचं २ जुलै १९७२ ला सिमल्यात टेबलावर झालं. एकाच युद्धाची दोन टोकं, पूर्वेला शरणागती, पश्चिमेला बोलणी.

प्रतापनगरची_मास्तरीण

आणि याला जोडून इराण-इराक. मे १९८२ मध्ये इराणनं खोर्रमशहर परत घेतलं, आपली जवळपास सगळी जमीन सोडवली. इराकचा सद्दाम तेव्हा युद्ध थांबवायला तयार होता. इराण म्हणालं नाही, आता तुलाच उतरवतो. मग अजून सहा वर्षं. १९८८ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनींनी युद्धबंदी मान्य केली तेव्हा विषाचा पेला पितोय असं म्हणाले. सीमा? जवळपास १९८० चीच. म्हणजे तह करायला सगळ्यात चांगली वेळ ती असते जेव्हा आपण थोडे वर आहोत, आणि नेमकं तेव्हाच तो कोणाला करावासा वाटत नाही.

इतवारीचा_शेठ

ताई, आमच्या धंद्यात पण तेच. भाव चढत असला की कोणी विकत नाही. उतरला की सगळे घाबरून आमच्याकडे.

वर्धारोडवाला

सगळ्यांचे आभार, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. माझं आपलं असं समजून राहिलो की हत्यारं सुधारली ती अडवणाऱ्याच्या कामी आली आणि रसद देणारा मागं उभा असला की कोणी कोसळत नाही. पण कामठीकाका, एक राहिलंच, मग युक्रेनमध्ये खांब कोण गाडणार? तिथं मामा कोण?

कामठी_रिटायर्ड

तेच तर अडलंय. १९९४ मध्ये बुडापेस्टला रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी लिहून दिलं होतं की युक्रेननं अण्वस्त्रं सोडली तर त्याच्या सीमा मानू. त्यानं सोडली. २०१४ मध्ये रशियानं त्याचा क्रिमिया घेतला. मग पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवायला मिन्स्कला दोन करार झाले, ते पण मोडले. एवढे दगड हललेले पाहिल्यावर नवीन दगडावर तो सही कशी करेल? आणि रशियाला वाटतं की युद्धबंदी दिली तर समोरचा तेवढ्या वेळात हत्यारं भरून घेईल. दोघांचीही भीती खोटी नाही. आणि मामा म्हणून जो जो पुढं येतो तो एकाला आपला चुलता वाटतो.

धुरेकरी

आमचा मामाबी आईच्या बाजूचा होता, चुलता आधी त्याले घरात घेत नव्हता. त्यानं पहिले चुलत्याच्याच इकडं जेवून दोन दिवस मुक्काम केला, मंग आमच्याकडं आला.

वर्धारोडवाला

😀 बरं, २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात. कोण कोण येऊन राहिलं? सकाळी आठला खालच्या गेटजवळ.

प्रतापनगरची_मास्तरीण

मी येते, पण आधी साडेसातला गांधी गेट.